‘श्राइव्ह’ : लेखणीतून आलेले प्रायश्चित्त

प्रश्न : इंग्लंडमध्ये पॅनकेकच्या दिवसाला ‘श्रोव्ह ट्यूजडे’ म्हणतात. यातील ‘श्रोव्ह’ म्हणजे काय?

उत्तर : ‘श्राइव्ह’ या जुन्या क्रियापदाचे ‘श्रोव्ह’ हे भूतकाळी रूप. धर्मगुरूने पापनिवेदन ऐकून प्रायश्चित्त नेमून देणे आणि पापमुक्त करणे, असा त्याचा अर्थ. राखेच्या बुधवारी (ॲश वेन्सडे) ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होण्याआधी लोक यासाठी चर्चमध्ये जात. उपवासात अंडी-लोणी वर्ज्य असल्याने घरातला साठा पॅनकेक करून संपवला जाई. पापनिवेदनाला बोलावणारी घंटाही पुढे ‘पॅनकेक बेल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. लोकांनी नेमके काय लक्षात ठेवले, ते यावरून उघडच आहे.

प्रश्न : हा शब्द लॅटिन ‘स्क्रिबेरे’, म्हणजे लिहिणे, यापासून आला असे वाचले. लिहिण्याचा आणि पापाचा काय संबंध?

उत्तर : व्युत्पत्ती बरोबर आहे. याच लॅटिन धातूपासून आलेल्या जर्मन ‘श्रायबेन’चा अर्थ आजही लिहिणे असाच आहे. इंग्रजीत मात्र त्या कामासाठी ‘राइट’चे पूर्वरूप आधीपासूनच रुळलेले होते, त्यामुळे उसना शब्द नेमून देणे, फर्मावणे या अर्थाकडे सरकला आणि अखेर प्रायश्चित्तापुरता उरला. कोणत्या पापाला किती काळ उपवास, याची कोष्टकेच त्या काळच्या धर्मगुरूंसाठी लिहिलेली असत; सातव्या शतकातील कँटरबरीचे आर्चबिशप थिओडोर यांच्या नावावर असा एक प्रसिद्ध ग्रंथ आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतील प्रायश्चित्ताध्याय चाळलेल्या वाचकाला हा प्रकार मुळीच परका वाटणार नाही.

प्रश्न : ‘शॉर्ट श्रिफ्ट’ या वाक्प्रचाराचा याच्याशी संबंध आहे का?

उत्तर : आहे. ‘श्रिफ्ट’ हे त्याच क्रियापदाचे नाम. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड तिसरा’ या नाटकात शिरच्छेदासाठी नेल्या जाणाऱ्या हेस्टिंग्जला रॅटक्लिफ बजावतो की, ड्यूकना जेवायला बसायचे आहे, तेव्हा पापनिवेदन थोडक्यात आटोपा. आज या वाक्प्रचाराचा अर्थ एखाद्याची दाद न घेता दोन शब्दांत बोळवण करणे एवढाच राहिला आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमध्ये धर्मगुरूपुढील पापनिवेदनाची सक्ती संपली, तेव्हा मूळ शब्दाला रोजच्या बोलण्यात काम उरले नाही, हे त्याचे मोठे कारण असावे.

प्रश्न : गोव्यातील ‘इंत्रुज’ हा सणही याच सुमारास येतो. हे नाव त्याच कुळातले आहे का?

उत्तर : नाही. दिवस तेच असले, तरी ‘इंत्रुज’ हा शब्द पोर्तुगीज ‘एंत्रुदु’वरून आला आणि त्याचे मूळ प्रवेश या अर्थाच्या लॅटिन ‘इंत्रोइतुस’मध्ये आहे. इथला प्रवेश म्हणजे उपवासकाळातला प्रवेश.