ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या घरातलं, हिरवा ऑइलपेंट मारलेलं आजोबांचं टेबल सागवानी आहे का? रंग काढून मूळ रूप परत आणता येईल का?

आधी टेबल उलटं करा. ऑइलपेंट मारणारे खालच्या बाजूला सहसा ब्रश लावत नाहीत, त्यामुळे लाकूड तिथेच उघडं सापडतं. सोनेरी-तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकट, खरवडल्यावर चामड्यासारखा वास, म्हणजे साग. जांभळट-काळसर आणि उचलताना घाम काढणारं असेल तर बहुधा शिसवी. मग ड्रॉवर बाहेर ओढा. कोपऱ्यातले सांध्याचे दाते कमीजास्त रुंदीचे आणि शेजारी आखणीची बारीक रेघ दिसली तर काम हाताचं. स्क्रूवरून वय ठरवू नका. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकानंतरचे खरे, पण ते नंतरच्या दुरुस्तीतही आलेले असू शकतात.

रंग काढताना सुताराला कोरडा सँडपेपर मारू देऊ नका, हे महत्त्वाचं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं आहे असंच धरून चाला, कोरडं घासलं की त्याची विषारी धूळ उडते. पेंट रिमूव्हर लावायचा, फुगलेला थर बोथट पत्रीने ओढायचा. हातमोजे, खिडक्या उघड्या, पोरं लांब. हीट गनही नको.

मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं फ्रेंच पॉलिश, कापडाच्या बोळ्याने, पातळ थरांत. पण ठाण्याच्या पावसाळ्यात अजिबात नाही, दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक धरते. दिवाळीनंतर करा. तळाशी दुकानाचा शिक्का किंवा सुताराची खडूची खूण सापडली तर तेवढी जागा सोडून द्या.