मॅच हरून आलेल्या मुलीशी काय बोलावं?

प्रश्न: आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. मुलगी दहावीला आहे, पाचवीपासून कबड्डी खेळते, चढाई चांगली आहे म्हणून आजूबाजूच्या गावांतून पण बोलावणं येतं. यंदा जिल्ह्याच्या निवड चाचणीत तिचं नाव आलं नाही आणि तेव्हापासून गप्पच झालीय. प्रॅक्टिसला निघायच्या आधी पोटात दुखतं म्हणते, वजन ५५ च्या वर जायला नको म्हणून रात्रीचं जेवण सोडलंय. तिच्या बाबांना वाटतं आळशी झाली, सासूबाई म्हणतात दहावी आहे, बंद करा तो खेळ. काय करू? – एक आई

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे पोटदुखीला नाटक म्हणू नका. टेन्शनने पोट खरंच दुखतं. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, पण फक्त प्रॅक्टिसच्या वेळेलाच दुखत असेल तर कारण बहुतेक मैदानाकडेच आहे.

आता बाबांचं. आपल्याकडे मॅच संपायला रात्रीचे बारा वाजतात, मग बाईकवर मागे मुलगी बसलेली आणि घर येईपर्यंत अख्खी मॅच परत खेळली जाते, बोनस का सोडलास, तिसऱ्या चढाईला एवढी घाई कशाला, त्या कोपऱ्यावरच्या मुलीने तुला दोनदा धरलं तरी तू परत तिकडेच. बाबा प्रेमानेच बोलतात हो, पण त्या पोरीला हे सगळं आधीच माहीत असतं, ती चूक तिने मनात दहा वेळा बघितलेली असते. घरी येताना ‘भूक लागलीय का’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. मॅचचा विषय तिने काढला तर ऐकायचं, नाही काढला तर राहू दे. चुका सांगायला सर आहेत ना, मग घरात दुसरे सर कशाला?

निवड झाली नाही की आपण लगेच ‘वशिला लागतो गो, राजकारण सगळं’ असं म्हणून समजूत काढतो. असेलही कधी तसं. पण तिला त्यातून एवढंच कळतं की आपण कितीही घाम गाळला तरी आपल्या हातात काही नाही. त्यापेक्षा ‘वाईट वाटलं ना’ म्हणा आणि तिला रडायचं असेल तर रडू द्या.

मला जास्त काळजी त्या जेवणाची वाटते. किशोरी गटाला १६ वर्षं आणि ५५ किलोची अट असते, त्याच्यापुढे कुमारी गट, तिथे २० वर्षं आणि ६५ किलो. म्हणजे ज्या आकड्यासाठी ती उपाशी झोपतेय तो थोड्याच दिवसांत तिच्या कामाचा राहणार नाही, हे तिला नीट समजावून सांगा. वाढत्या वयात खेळाच्या मानाने खाणं कमी पडलं की पाळी लांबते किंवा बंद होते, हाडं कमजोर होतात, दुखापती वाढतात, आणि मन उदास राहतं ते वेगळंच. पाळी सलग तीन महिने आली नसेल तर थेट डॉक्टरकडे. वजनाच्या दिवशी पाणी न पिता जाकीट घालून उन्हात पळणं तर आपल्या दमट हवेत बंदच पाहिजे. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपली कुस्तीपटू विनेश फोगाट फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली, आणि तिच्यासोबत तर डॉक्टर, आहारतज्ज्ञ सगळे होते. शाळेतल्या पोरीने हे एकटीने करायचं?

खेळ बंद करू नका. तिच्या सगळ्या मैत्रिणी तिथेच आहेत, तेही तुटलं तर ती आणखी एकटी पडेल. पण तिलाच थोडे दिवस थांबायचं असेल तर थांबू द्या, आणि दहावीचे क्रीडा गुण मिळतील म्हणून खेळ, असं तर अजिबात म्हणू नका. बाबांना सांगा, अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियो ऑलिम्पिकला टीम फायनल अर्धवट सोडून बाजूला झाली होती, तिनेच २०२४ ला पॅरिसमध्ये तीन गोल्ड घेतले.

अजून एक, हे एकटीला, शांतपणे विचारा, प्रॅक्टिसला कोणी माणूस नकोसा वाटतो का, कोणाच्या हात लावण्याचा किंवा बोलण्याचा त्रास होतो का. ती जे सांगेल ते आधी खरं धरा, चारचौघांत काय म्हणतील ते नंतर.

दोन आठवडे झोप नाही, सारखं रडू, कशातच मन नाही असं असेल तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. रत्नागिरीत मनोरुग्णालय आहे, म्हणून आपल्याकडे ‘रत्नागिरीला न्या हिला’ ही थट्टा इतकी मुरलीय की लोक डॉक्टरकडे जायलाच लाजतात, पण शासकीय जिल्हा रुग्णालयात यासाठी ओपीडी असते आणि तिथे ताप-खोकल्यासारखाच केसपेपर काढायचा असतो. ‘मी नसते तर बरं’ असं काही बोलली तर मात्र त्याच दिवशी न्या, तिला एकटी ठेवू नका. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिला आत्ता नको वाटत असेल तर आधी तुम्हीच फोन करा, ते आईवडिलांशी पण बोलतात.