बोलण्यातला तिखटपणा कमी करायचाय? एवढ्यावरून सुरुवात करा

तोंडातून पटकन तिखट शब्द निघतो? काळजी करू नका, सवय बदलते. फक्त सगळं एकदम बदलायला जाऊ नका.

सराव घाईच्या जागी करा. सकाळच्या गर्दीत, मुंबईच्या विरार लोकलमध्ये "सरका ना जरा!" आणि "थोडं सरकता का?" यांना वेळ सारखाच लागतो. चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याला सरकून दिलेली जागा, मात्र दुसऱ्या वाक्याला लवकर मिळते.

वॉचमन, घरकामाच्या ताई, रिक्षावाले यांना "ए" म्हणणं आजपासून बंद. दादा, ताई, काका म्हणा. साहेबांशी सगळेच गोड बोलतात, खरी परीक्षा इथे आहे, असं मला मनापासून वाटतं.

चूक चारचौघांत काढू नका. सोसायटीच्या हिशेबात घोळ दिसला, तर सभेआधी सेक्रेटरींना जिन्यात गाठा: "काका, हा आकडा मला कळला नाही, समजावता का?" बहुतेक वेळा तिथेच मिटतं. नाही मिटलं, तर सभेत जरूर विचारा.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:
- "मी स्पष्टवक्ता आहे" म्हणून टोचून बोलणं.
- "लग्न कधी?", "किती जाड झालीस!" हे आपुलकीचं समजणं. ऐकणाऱ्याला ते लागतं.
- वाईट वाटेल म्हणून नको तिथे "हो" म्हणणं, मग फोन न उचलणं. "आज नाही जमणार" हे वेळेवर सांगणं जास्त प्रेमाचं.
- रागात व्हॉट्सॲपवर उत्तर देणं. लिहा, पण सकाळी वाचून मगच पाठवा.

भांडण पेटल्यावर काय बोलायचं, ते पुढे बघू. आधी महिनाभर एवढं करा. तुम्हाला जमेल.