चोरलच्या जंगलात नाल्याचं पाणी फडक्यानं गाळून प्यायलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात पाच-सहा मित्र इंदूरजवळच्या चोरल-कालाकुंडच्या डोंगरात एक रात्र राहणार आहात. ओझं नको म्हणून पाणी तिथल्याच नाल्यातून घ्यायचा विचार आहे, आणि घरी आजी म्हणतात, "वाहतं पाणी शुद्धच असतं, पंच्याची चौघडी करून गाळलं की झालं."

गाळा जरूर, पण नुसतं गाळून पिऊ नका. गाळल्यावर उकळा, मग प्या. मी इंदूरचाच, विंध्याच्या या उतारावर बरीच वर्षं हिंडतोय, आणि नवीन मुलं सोबत असली की पाण्याच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

आधी वाहत्या पाण्याबद्दल. पातालपानीच्या धबधब्यात जी चोरल नदी खाली कोसळते, ती काही निर्मनुष्य रानातून येत नाही. जानापावच्या डोंगराकडून निघून महूच्या पठारावरची शेतं, गुरांची कुरणं, वस्त्या यांच्या कडेनं ती येते. पहिल्या जोरदार पावसात वर उघड्यावर पडलेलं सगळं, शेण, माणसाची घाण, सोयाबीनवर फवारलेलं औषध, त्याच पाण्यातून खाली उतरतं. त्यामुळे नाला जितका जोरात वाहतोय तितका चांगला, असं पावसाळ्यात तरी मुळीच नाही.

आता आजींच्या फडक्याबद्दल, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपल्याकडे नारू नावाचा रोग होता. पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा. पायऱ्यांच्या विहिरीत, बावडीत लोक उतरून पाणी भरायचे, नारू झालेला पाय पाण्यात बुडला की अळ्या सुटायच्या आणि पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जायच्या. ते किडे पाण्याबरोबर पोटात गेले की नवा रोगी तयार. हा किडा साधारण एक मिलिमीटरचा, म्हणजे साध्या दुहेरी कापडातही अडकतो. मध्य प्रदेशासकट अनेक राज्यांत गावोगाव पाणी गाळून प्यायला शिकवलं गेलं, बावड्यांत उतरणं बंद झालं. देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. या रोगावर ना लस होती ना खात्रीचं औषध, त्यामुळे या यशात फडक्याचा वाटा फार मोठा. बांगलादेशातही जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळायला लावलं तेव्हा कॉलरा निम्म्यावर आला, कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात.

निम्म्यावर आला, संपला नाही. फडक्याची मर्यादा ती इथे. एकटा सुटा जीवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो आणि कावीळ पसरवणारे विषाणू त्याहून कितीतरी लहान. ते चौघडीतूनच काय, आठ पदरांतूनही आरामात निघून जातात.

तरीही गाळण्याचं काम मन लावून करा. पुढची प्रत्येक पद्धत स्वच्छ पाण्यावरच नीट चालते. नाल्याचं पाणी थेट न भरता काठापासून दोन-तीन हातांवर वाळूत झिरा, म्हणजे छोटा खड्डा, खणा. पहिलं गढूळ पाणी उपसून टाका, मग जे हळूहळू झिरपतं ते बरंच नितळ असतं. एवढी वाळू नसेल तर भांड्यात पाणी घेऊन तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवा आणि तासभर हलवू नका. गाळ तळाशी बसला की वरचं पाणी अलगद ओतून, जुन्या मऊ सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा. नवं कापड नको, त्याची वीण मोकळी असते. निवळीच्या बियांनीही पाणी निवळतं, मिळाल्या तर वापरा. तुरटी काय, निवळी काय, गाळ बसवतात, जंतूंची खात्री देत नाहीत.

मग उकळणं. वीस मिनिटं उकळा असं घराघरात सांगतात, त्याची गरज नाही. भांडं खळखळून उकळायला लागलं की एक मिनिट मोजा, बस. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं हे खरं, पण जानापावच्या माथ्यावरही ते ९७ अंशांच्या आसपास उकळतं आणि जंतू त्याच्या बऱ्याच आधी मरतात. दोन हजार मीटरच्या वर, म्हणजे हिमालयात गेलात, तर तीन मिनिटं ठेवा. निवताना झाकण घालून ठेवा. चुलीचं म्हणाल तर राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या वनकायद्यानुसार गुन्हा आहे, आणि पावसात ओली लाकडं पेटतही नाहीत. मुक्काम गावालगत करा, स्वयंपाकाची जागा वनरक्षकाला विचारून ठरवा.

क्लोरीनच्या गोळ्या खिशात असू द्या, पण दुसरा पर्याय म्हणून. जीवाणू आणि बहुतेक विषाणू त्यांनी मरतात. गुरांच्या शेणातून येणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मात्र क्लोरीनला दाद देत नाही, आणि आपल्या नाल्यांच्या काठी गुरं कुठे नसतात? गोळी किती लिटरसाठी आहे ते पाकिटावर नीट वाचा. वीस लिटरची गोळी एका बाटलीत टाकायची नाही. अर्धा तास थांबा. नंतर क्लोरीनचा हलका वास यायला हवा. लिंबू पिळायचं असेल तर त्या अर्ध्या तासानंतरच, नाहीतर लिंबातलं सी जीवनसत्त्व क्लोरीनची ताकद मारून टाकतं. गोळी विरघळली की बूच थोडं सैल करून बाटली उलटी करा, म्हणजे तोंडाच्या आट्यांवरचं कच्चं पाणीही धुऊन निघतं. हे बहुतेक जण विसरतात आणि नेमके तिथेच ओठ लावतात.

ट्रेकिंगचे छोटे फिल्टर मिळतात, चांगले असतात. बहुतेकांनी जीवाणू आणि परजीवी अडतात, विषाणू अडतीलच असं नाही. आणि फवारणीचं औषध यातल्या कशानंच जात नाही. फडकं, उकळणं, गोळी, सगळं त्यापुढे निकामी. म्हणून शेताच्या बांधाखालचं पाणी, हिरवी साय आलेलं डबकं, कारखान्यांच्या बाजूनं येणारा नाला, इथे भांडं बुडवूच नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पहिल्या दिवसाचं पाणी घरूनच न्या, माणशी तीन-चार लिटर. संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं उकळून ठेवा. ओझं तेवढं सोसा. शौचाला नाल्यापासून किमान साठ-सत्तर पावलं लांब जा आणि वीतभर खड्डा करून बुजवा. खालच्या पाड्यांवरच्या बाया हेच पाणी घरी भरून नेतात.

जुलाब लागलेच तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून, थोडं थोडं पाजत राहा. ताप आला किंवा रक्त पडलं तर तिथे थांबू नका, महूला नाहीतर थेट इंदूरला न्या. काही परजीवींचा त्रास आठ-पंधरा दिवसांनी सुरू होतो. तेव्हा कुणाचं पोट बिघडलं, तर नाल्याचं पाणी प्यायलो होतो हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा.