67 टक्के आणि थर्मामीटरची वही

"ताई, पोर हुशार शे, पन मार्क कमी पडनात. आते शिष्यवृत्ती कशी भेटी?"

मी मुलांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मदत करते. बारावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा-वीस दिवस माझ्यासमोर हाच प्रश्न येऊन बसतो. या वेळी तो घेऊन आले होते जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातले एक केळी उत्पादक. अडीच एकर जमीन, त्यातली निम्मी केळीखाली. सोबत मुलगी. सायन्सला 67 टक्के. परीक्षेच्या दोन महिने आधी आईचं ऑपरेशन झालं आणि घर हिच्या अंगावर आलं, हे वडिलांनी सांगितलं. ती काहीच बोलली नाही. (घरच्यांना विचारून हे लिहिते आहे. गाव आणि नाव मुद्दाम दिलेलं नाही.)

आधी पैशाचा हिशेब मांडला, कारण 'शिष्यवृत्ती' या एका शब्दात लोक सगळंच धरतात. केंद्र सरकारची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची योजना, पदवीला वर्षाला 12 हजार देणारी, बोर्डातल्या वरच्या वीस टक्क्यांच्या पट्टीतल्या मुलांसाठी आहे. तिथे गुणच बोलतात, तो दरवाजा बंद होता. पण मुलीला बीएस्सी अ‍ॅग्री करायचं होतं. 2024-25 पासून राज्यात ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. त्यावर वडिलांनी मान हलवली आणि लगेच विचारलं, "आणि खोली? मेस?"

खरा खड्डा तिथेच होता. तो भरून काढतात त्या बहुतेक खासगी विश्वस्त संस्था आणि कंपन्यांच्या शिष्यवृत्त्या. त्यांच्याकडे गुणांची अट असते, पण बऱ्याचदा ती फक्त उंबरठ्यापुरती. रिलायन्स फाउंडेशनच्या पदवी शिष्यवृत्तीला बारावीचे 60 टक्के पुरतात. पुढची निवड अभिक्षमता चाचणी आणि घरची परिस्थिती पाहून होते. काही संस्था निबंध लिहून घेतात, मुलाखत घेतात, शिक्षकांचं पत्र मागतात. म्हणजे मूल कसं आहे, हे त्यांना कागदावरून कळायला हवं.

मी मुलीला विचारलं, "कॉलेज सोडून तू काय करतेस?"

"काही नही. घरनं काम."

हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर थांबत नाही. आपल्याकडच्या मुलांना वाटतं, अंगचे गुण म्हणजे वक्तृत्वाची ढाल, एनसीसीचं प्रमाणपत्र, तालुक्याच्या स्पर्धेतला नंबर. घरात जे केलं ते काम, ते कुठे मोजायचं? म्हणून मी पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस विचारत जाते. किती वाजता उठतेस, मग काय, मग? तू दोन दिवस गावाला गेलीस तर घरात कोणाचं अडतं?

शेवटच्या प्रश्नावर ती म्हणाली, "थर्मामीटर कोणी पाहत नाही मग."

नववीत असताना थंडीत त्यांच्या बागेला फटका बसला होता. पानं पिवळी पडली, केळ निसवायला, म्हणजे घड बाहेर यायला, उशीर झाला. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) हवामान केंद्राच्या आकड्यांवर, आणि त्या वर्षी ते आकडे भरपाईत बसले नाहीत. घरी रोज तीच चर्चा. हिने शाळेच्या विज्ञानाच्या सरांकडून एक थर्मामीटर मागून आणला आणि बागेत लावला. रोज पहाटे सहाला आकडा लिहायचा, तारखेपुढे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, असे तीन हिवाळे. त्याने विम्याचं काही झालं नाही, होणारही नव्हतं. पण पारा उतरायला लागला की शेजारचे चार-पाच जण हिला विचारून रात्री बागेला पाणी द्यायचे, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचे.

दुसऱ्या दिवशी तिने वही आणली. साधी दोनशे पानी. मी पानं उलटत होते आणि मला त्यातल्या रिकाम्या जागा दिसल्या. काही तारखांपुढे आकडा नाही, 'नोंद नाही' एवढंच लिहिलेलं.

"हे काय?"

"ताप होता तेव्हा. उठले नाही."

"आदल्या आणि दुसऱ्या दिवसाचा पाहून अंदाजाने टाकता आला असता."

ती माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहत राहिली. "मग वहीच खोटी पडली असती ना, मॅडम."

त्या क्षणी मला कळलं की हिच्या अर्जात मला काही घालायचं नाही.

हे इतकं ठासून लिहिते, कारण काही वर्षांपूर्वी मी उलटं केलं होतं. एका हुशार, अबोल मुलाच्या निबंधात 'गावात स्वच्छता मोहिमेचं नेतृत्व केलं' असं वाक्य मीच सुचवलं. तो मोहिमेत होता, पण नेतृत्व त्याचं नव्हतं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, किती लोक होते, भांडण झालं का, तू काय केलंस? मुलगा गप्प झाला. शिष्यवृत्ती गेली ते गेलंच, पण आपण खोटे पकडलो गेलो ही भावना त्याच्या मनात मी घातली. ते ओझं माझ्यावर आहे.

हिचा पहिला मसुदा सायबर कॅफेतून आला होता. 'मला समाजसेवेची आवड असून मी जिद्दी व मेहनती आहे.' मी तो बाजूला ठेवला आणि म्हटलं, वहीबद्दल तुझ्या मावशीला सांगशील तसं लिही. अहिराणीत सुचलं तर अहिराणीत, मराठी आपण नंतर करू. दोन पानं आली. त्यात 'जिद्द' हा शब्द एकदाही नव्हता. पहाटेचा अंधार होता, बॅटरी होती, आणि पहिल्या दोन महिन्यांचे आकडे चुकीचे का होते तेही होतं: थर्मामीटर तिने पत्र्याच्या शेडच्या भिंतीला टांगला होता आणि आकडा हवेपेक्षा पत्र्याचाच यायचा. सरांनी सांगितल्यावर तो तिथून हलवला.

सरांच्या शिफारसपत्रालाही थोडा वेळ लागला. आधी आलं ते नेहमीचं: 'सदर विद्यार्थिनी सुशील व आज्ञाधारक आहे.' मी स्वतः फोन केला आणि विनंती केली की सर, तुमच्या डोळ्यांसमोर घडलेले दोन प्रसंग फक्त लिहा. सर मनापासून लिहिणारे निघाले. शेडवरून थर्मामीटर काढतानाचा प्रसंग त्यांनाही आठवत होता. निबंध आणि पत्र एकमेकांना साक्ष देत होते. निवडणारे लोक हे ताडून पाहतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता काढा. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का ते शाखेत जाऊन पाहा; महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे अनेकदा तिथेच अडकतात. आणि सरकारी सवलतीचा अर्ज आधी भरा, खासगी नंतर.

चार ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. एका ठिकाणी मुलाखतीपर्यंत जाऊन नकार आला, तेव्हा ती दोन दिवस फोन उचलत नव्हती. मी वडिलांना सांगितलं, तिला समजावू नका, शेतावर घेऊन जा. चौथी मुलाखत फोनवर झाली. घरात रेंज नाही म्हणून ती गच्चीवर बसली होती. तिला विचारलं गेलं, या वहीचा सगळ्यात मोठा दोष कोणता? तिने शेड सांगितली, रिकाम्या तारखा सांगितल्या आणि वर हेही सांगितलं की माझं थर्मामीटर आणि मंडळाचं यंत्र सारखंच मोजतात का, हे मी कधी तपासलेलं नाही, कॉलेजात गेल्यावर ते शिकायचंय.

खोली आणि मेस दोन्ही निघतील एवढी रक्कम मंजूर झाली, दर वर्षी पास होण्याच्या अटीवर.

वडील पेढे घेऊन आले तेव्हा धाकटा मुलगा सोबत होता, सातवीतला. थर्मामीटर आता त्याच्याकडे आलंय. मी त्याला विचारलं, रोज लिहितोस का? त्याने बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "परवा राहिलं. तसंच लिहिलंय."