प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आणि जॉबशीट वाचल्याशिवाय सही करू नका

नमस्कार. देवगडच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) नवं घर, वडिलांना नाट्यसंगीत आणि भजनं ऐकायला चांगला स्टिरिओ, बजेट 45,000, दुकानदार पाच स्पीकरांचा 'हजार वॅट'चा सेट गळ्यात मारतोय, मामेभाऊ आखातातून आणलेला रिसीव्हर (ॲम्पचंच काम करणारं यंत्र) 15,000 ला देतोय. इथवर तुमचा प्रश्न वाचून मी पुढे गेले असते. पण शेवटी तुम्ही विचारलंय, 'जून ते ऑगस्ट आम्ही ठाण्याला असतो, तेव्हा सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं तर चालेल ना?' आणि वरच्या उत्तरांत दोघांनी 'चालेल' म्हणून सांगितलंय. नाही चालणार. माझं नेमकं तिथेच नुकसान झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं घर गुहागर तालुक्यात, समुद्र चालत पाच मिनिटांवर. मी शाळेत संगीत शिकवते. तीन वर्षं पैसे बाजूला टाकून 2020 च्या दिवाळीत 38,000 चा ॲम्प (स्पीकरना ताकद देणारा ॲम्प्लिफायर) आणि 32,000 ची स्पीकरची जोडी घेतली. पुढच्या जूनमध्ये सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी सगळे पुण्याला गेलो. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, बाकीची कामं केली तशी ॲम्पचीही सोय केली. पडवीला बांधतो तो जाड प्लास्टिकचा कागद, दोन पदर, वरून सुतळी. मेन स्विच बंद. ऑगस्टअखेर आलो तर कागदाच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब, स्पीकरच्या वायरी हिरव्या पडलेल्या, आणि डावा स्पीकर मध्येच वाजायचा, मध्येच गप्प. आवाज मोठा केला की परत यायचा.

गुंडाळताना आत जी दमट हवा अडकते ती बाहेर जाऊच शकत नाही, रात्री गारठलं की तिचं पाणी होतं. त्यात आपल्याकडे वाऱ्याबरोबर मीठ येतं, ते ओल धरून ठेवतं. रोज अर्धा तास चालू असलेला ॲम्प स्वतःच्या उबेने कोरडा राहतो, बंद घरातला राहत नाही.

पण खरा फटका पावसाने दिला नाही. वॉरंटीचे दोन महिने बाकी होते, म्हणून अकरा किलोचा ॲम्प गोधडीत बांधून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. शहराचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलाने दुरुस्तीचा इंग्रजीतला फॉर्म, म्हणजे जॉबशीट, भरला, तीन ठिकाणी फुल्या मारल्या, 'मॅडम, इथे सही.' मी केली. शेवटची गाडी चुकेल ही एकच चिंता होती. त्या फुल्यांपैकी एक 'आत ओल/गंज आढळला' अशी होती, आणि ती ॲम्प उघडण्याआधी मारलेली होती. पंधरा दिवसांनी फोन आला, पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही, बोर्ड बदलायला 19,500. मी म्हटलं, फोटो पाठवा, लेखी द्या. मिळालं नाही. प्रत्येक फोनला नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, आणि प्रत्येकाचं एकच वाक्य, 'तुमचीच सही आहे.' नोव्हेंबरात एसटीचा संप सुरू झाला, आणायला जाता येईना. ॲम्प फेब्रुवारीत परत आला तो एक स्क्रू आणि व्हॉल्यूमचं बटण गमावून.

मग चिपळूणच्या एका जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यांनी माझ्यासमोर उघडला. बोर्ड कोरडा. स्पीकरच्या लाइनवर एक रिले, म्हणजे आपोआप जोडणारा छोटा स्विच, असतो, चालू केल्यावर 'टक' असा आवाज करतो ना, तो. त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते. कमी आवाजात क्षीण करंट त्या थरातून जात नाही, आवाज वाढवला की जातो. नवा रिले, मजुरीसकट 650 रुपये. आजही तोच ॲम्प चालू आहे. पैशांपेक्षा ते सहा महिने मला अजून सलतात, कारण प्रत्येक फोननंतर मला वाटायचं की चूक माझीच असणार.

वस्तू दुरुस्तीला देताना जॉबशीट शब्द न् शब्द वाचा, न कळणाऱ्या रकान्यात रेघ ओढा, 'उघडून पाहिलेले नाही' असं स्वतःच्या हाताने लिहा, आणि तिथेच चारही बाजूंचे फोटो काढा. दुसरं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. मला हे कळलं तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती. मी वकील नाही, तुमच्या बाबतीत नीट विचारून घ्या.

आता खरेदीचं. माझी मतं ठाम आहेत, पण ती एका घरातल्या अनुभवावरची आहेत हे धरून वाचा.

पाच स्पीकरांचा सेट नको. 45,000 पाच ठिकाणी वाटले की प्रत्येक स्पीकर हलका येतो. दोनच घ्या, आणि 25,000 च्या आसपास त्यांच्यावरच घाला. तुमचं घर तीन महिने बंद असतं, त्यामुळे मी ॲम्प आत बसवलेले ॲक्टिव्ह स्पीकर घेऊ नका म्हणेन. ते शहरात उत्तम. देवगडात बिघडले तर आख्खा स्पीकर खोक्यात भरून पाठवावा लागतो. साधे पॅसिव्ह (आत ॲम्प नसलेले) स्पीकर आणि सहा-सात किलोचा छोटा ॲम्प घेतलात की ॲम्प पिशवीत घालून ठाण्याला नेता येईल. पॅसिव्ह स्पीकरमध्ये बिघडायला फार थोडं असतं.

'हजार वॅट' विसरा, तो बहुधा पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेला, आकडा असणार. आरएमएस (सतत देता येणारे खरे वॅट) किती, 8 ओमच्या स्पीकरवर किती, डावा-उजवा दोन्ही चॅनल एकदम चालू असताना किती, एवढं विचारा. त्याहून महत्त्वाचा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात असतो, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटवर स्पीकर किती मोठा वाजतो ते. 85 डेसिबलचा स्पीकर 88 च्या स्पीकरइतका वाजवायला दुप्पट वॅट लागतात. 87-88 चा स्पीकर आणि दोन-अडीच मीटरवर खुर्ची असेल तर रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॅट पुरतात, तबल्याच्या ठोक्याला थोडे जास्त. 30-40 खरे वॅट माजघराला भरपूर.

वडिलांना बालगंधर्वांच्या काळातली गाणी आवडत असतील तर सबवूफरला (फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरला) पैसे घालू नका. 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून आलेल्या त्या ध्वनिमुद्रणांत खालचा खर्जही कमी आणि वरची चमकही कमी. सगळं गाणं मधल्या पट्टीत आहे, आणि ती पट्टी स्वच्छ वाजवणारा स्पीकर हवा. दुकानात जाताना वडिलांच्या आवडीची तीन-चार गाणी पेन ड्राइव्हवर न्या, शक्य असेल तर वडिलांनाही न्या. दुकानदार स्वतःचं धडधडीत काहीतरी लावतो, ते ऐकून ठरवू नका. मी किशोरी आमोणकरांचा संथ आलाप लावते. तानपुऱ्याची जवार (तारांची गुंजणारी झणकार) गळ्यामागे वेगळी ऐकू आली आणि शब्दांतला 'स' कानाला टोचला नाही, तर तो स्पीकर माझ्या यादीत राहतो. एखादं नाव हवं असेल तर, या बजेटात व्हार्फडेल कंपनीची डायमंड ही स्पीकरची मालिका ऐकून बघा. पसंत पडेलच असं नाही.

मामेभावाचा रिसीव्हर 15,000 देऊन घेऊ नका. फुकट मिळत असेल तर घ्या आणि सगळे पैसे स्पीकरना लावा. त्याआधी मागच्या पट्टीवर 220-240 व्होल्ट, 50 हर्ट्झ छापलंय का ते बघा. बाहेरून आणलेल्या वस्तूची वॉरंटी इथे बहुतेक वेळा चालत नाही हेही धरा. जुने स्पीकर बघायला गेलात तर जाळी काढा. स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर सोडा, दमट हवेत तिचा भुगा होतो. रबरी कड टिकते. स्पीकर उलटा करून तळ बघा, एमडीएफ (लाकडाच्या भुशाची फळी) फुगलेलं असेल तर तो पाण्यात किंवा ओलीत राहिलाय.

वायरीवर खर्च नको. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी टू-कोर (दोन तारांची) वायर पाच मीटरपर्यंत पुरते. तिची टोकं काळी पडतात, म्हणून दर दसऱ्याला अर्धा इंच कापून नवं तांबं उघडं करते. हाय-रिझोल्यूशन, म्हणजे सीडीहून जास्त तपशिलाच्या, फायलींवरही पैसे घालू नका. सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झमध्ये माणसाच्या कानाला लागतं ते सगळं मावतं.

जांभ्याच्या भिंती, खाली फरशी आणि सामान कमी, अशा नव्या घरात आवाज फार घुमतो. मध्यभागी उभं राहून टाळी वाजवा. मागे झणझण आली तर समोर सतरंजी, बाजूला पुस्तकांचं कपाट, मागच्या भिंतीला जाड गोधडी, एवढं करा. मी ॲम्प बदलायला निघाले होते, आणि आईच्या दोन गोधड्यांनी काम झालं. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे आणि ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा गोल) कानाच्या उंचीला.

विजेचं तुमच्यासाठी खास, कारण सड्यावर कातळ आहे. कातळात अर्थिंग नीट लागत नाही. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्ट ठीक, वीस-तीस दिसले तर कोळसा-मीठ घालून खड्डा परत करून घ्या. हे काम परवानाधारक माणसाकडूनच. स्पीकरमधून भुणभुण येत असेल तर आधी डिश टीव्हीची केबल काढून बघा, बरेचदा ती तिथूनच येते. भुणभुण घालवायला प्लगची अर्थची पिन कुणी तोडायला सांगितली तर त्याला घरात घेऊ नका. वळवाचं मळभ आलं की प्लग काढा, आणि ॲम्पला जोडलेली डिशची किंवा इंटरनेटची केबलही काढा. वीज त्या वाटेनेही येते.

जूनमध्ये ठाण्याला जाताना ॲम्प बरोबर न्या. वायरी आणि छोट्या वस्तू झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेल भरपूर घालून. जेल निळं असेल तोवर कोरडं, गुलाबी झालं की तव्यावर परतून परत वापरता येतं, स्वयंपाकाचा तवा मात्र नको. स्पीकर स्टुलावर, बाहेरच्या भिंतीपासून लांब, वरून जुनी सुती चादर. उघडीप पडेल तेव्हा शेजाऱ्यांपैकी कुणी तासभर खिडक्या उघडतील का, तेवढं विचारून ठेवा. आमच्याकडे शेजारच्या काकू उघडतात, आणि त्या वर्षानंतर वायर जोडायच्या एकाही टर्मिनलवर हिरवं आलेलं नाही.

खोलीची लांबी-रुंदी आणि वडिलांची खुर्ची कुठे असते ते लिहा, म्हणजे स्पीकर कोणत्या भिंतीला ठेवायचे ते बघता येईल. खिडकी समुद्राकडे असेल तर तेही कळवा.