उन्हाळ्यात पेटी न उघडता काय पाहता येतं?

प्रश्न असा: सोलापुरात घरामागे सातेरी या देशी मधमाशीची पेटी आहे, ती सारखी न उघडता काय पाहावं, आणि तारेवर बसून माश्या टिपणाऱ्या वेड्या राघूंना हाकलावं का?

पेटीचं दार पाहा, बहुतेक सगळं तिथेच कळतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि माश्यांना अळ्यांजवळ ३४-३५ अंश राखायचे असतात. झाकण काढलं की ती मेहनत वाया जाते. त्यात सातेरी वैतागली की पेटी सोडून जाते.

दारासमोर बसू नका. बाजूला, दीड-दोन मीटरवर बसा. अत्तर नको, आणि केळं खाऊन जाऊ नका. डंखातून सुटणाऱ्या इशाऱ्याच्या गंधाला केळ्यासारखा वास असतो.

ऊन चढायच्या आत, रोज एकाच वेळी, पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन येणाऱ्या माश्या एक मिनिट मोजा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, बदलाला आहे. पराग येतोय म्हणजे आत अळ्या पोसल्या जातायत. येणं घटत घटत थांबलं, तर वसाहत निघून जायच्या तयारीत असू शकते.

दुपारी सातेरी दारात डोकं बाहेर करून पंख हलवते आणि हवा आत ढकलते. मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशी, नेमकी उलटी उभी राहते. हे पाहण्यासारखं आहे! अशा वेळी जवळच सावलीत पसरट परातीत पाणी ठेवा, खडे पाण्याबाहेर डोकावतील असे, म्हणजे माश्या बुडणार नाहीत. उशीर केलात तर त्या शेजाऱ्यांच्या कूलरवर जातील आणि ती सवय मोडणं अवघड. दुपारीच कोवळ्या माश्या पेटीकडे तोंड करून घिरट्या घालतात. त्या जागा ओळखून घेत असतात, काळजी नको.

तळाच्या फळीवर जाळी आणि काळी बारीक विष्ठा दिसली तर मेणकिडा, म्हणजे पोळी खाणारी पतंगाची अळी, आहे. तेव्हा मात्र सकाळी पेटी उघडा आणि माश्यांनी न झाकलेली जुनी काळी पोळी काढून टाका.

वेड्या राघूला हाकलू नका. भरलेल्या वसाहतीला चार-दोन पक्षी सहज परवडतात, आणि तो गांधीलमाश्याही खातो. पेटी तारेखालून हलवून कडुलिंबाखाली ठेवली तर पुरे, पण हलवायची ती रात्री, दार बंद करून, आणि एका वेळी हातभरच. एकदम लांब नेली तर माश्या जुन्या जागी परततात. नवी राणी मिलनाला बाहेर पडणार असेल, त्या दुपारी तेवढं जवळ उभं राहा, म्हणजे राघू तिला टिपणार नाही. गांधीलमाशी दारात घुटमळली की सातेरी लाटेसारखी अंग हलवते, आणि ती जवळ आलीच तर गराडा घालून उष्णतेने मारते. दार अरुंद करा, बाकी त्यांच्यावर सोडा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या चढत नाहीत. सोलापूरच्या उन्हात वाट्या लवकर आटतात, रोज संध्याकाळी भरा.

दारासमोर जीभ बाहेर आलेल्या मेलेल्या माश्यांचा खच दिसला, तर आधी आजूबाजूच्या डाळिंबावर किंवा सूर्यफुलावर फवारणी झाली का ते विचारा. फवारणी फुलोरा सोडून, नाहीतर निदान सूर्य मावळल्यावर करायला सांगा.